वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतल्या विम्याचा कायदा करतं कोण?

अमेरिकेतल्या विम्याविषयी बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच : राज्य बदललं की नियम का बदलतात, आणि हे नियम एका सुरात यावेत म्हणून कोणी काही करतं की नाही? त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीहून टेक्ससला गेला. गाडीची पॉलिसी नव्याने काढावी लागली, हप्ता वेगळा, अटीही वेगळ्या. एकाच देशात असं का? आपल्याकडे विम्याचा कायदा संसदच करते. (एक वाचक, पुणे)

आपल्याकडे विमा हा केंद्र सूचीतला विषय आहे, सातव्या अनुसूचीतली नोंद ४७. महाराष्ट्राच्या विधानसभेने मनात आणलं तरी मोटार विम्याचे नियम तिला करता येत नाहीत. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. १८६९ मध्ये पॉल विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विमा पॉलिसी देणं हा आंतरराज्य व्यापार नव्हे. मग विमा राज्यांकडे राहिला तो राहिलाच. १९४४ मध्ये साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स प्रकरणात न्यायालयाने भूमिका फिरवली, तेव्हा कंपन्या आणि राज्यं दोघांचीही तारांबळ उडाली. कंपन्यांनी मिळून दर ठरवण्याची पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्यात सापडणार होती आणि राज्यांना प्रीमियमवरच्या कराची काळजी लागली होती. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ९ महिन्यांत तोडगा काढला, तो मार्च १९४५ चा मॅक्कॅरन-फर्ग्युसन कायदा. त्यानुसार विम्याचं नियमन राज्यांचंच राहिलं. खास विम्यासाठी नसलेला केंद्रीय कायदा राज्याच्या विमा कायद्याला बाजूला सारू शकत नाही.

तुमच्या मुलापुरतं सांगायचं तर न्यू जर्सीत अपघातानंतरचा स्वतःचा औषधोपचार मूळ पॉलिसीतच येतो, चूक कोणाचीही असो. टेक्ससमध्ये चूक ज्याची, त्याच्या विम्याने भरायचं. तिथे स्वतःच्या उपचाराचं कव्हर, ज्याला पीआयपी म्हणतात, कंपनीला द्यावंच लागतं आणि नको असेल तर ग्राहकाने ते लेखी नाकारायचं असतं. कागदांच्या गठ्ठ्यात ती नकाराची सही पुष्कळजण न वाचता ठोकतात. मुलाला आधी ते पान बघायला सांगा. टेक्ससचं किमान दायित्व कव्हर (आपल्या चुकीने झालेलं दुसऱ्याचं नुकसान भरून देणारं) ३०/६०/२५ आहे, म्हणजे एका जखमीसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५ हजार. एखादी नवी महागडी गाडी ठोकली गेली तर २५ हजार कुठच्या कुठे उडतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. मोठी कंपनी आपल्या नोकरांचा आरोग्य खर्च स्वतःच्या पैशातून करत असेल आणि विमा कंपनी फक्त क्लेमचं काम बघत असेल, तर त्या योजनेला १९७४ चा केंद्रीय एरिसा कायदा लागतो. राज्याचे आरोग्य विमा कायदे तिथे सहसा लागू होत नाहीत. कार्डावर नामांकित विमा कंपनीचं नाव असल्याने लोक फसतात. ‘योजना सेल्फ-फंडेड आहे का?’ हे एचआरला विचारल्याशिवाय राज्याकडे तक्रारीला जाऊ नये.

प्रश्न : राज्यांच्या विमा आयुक्तांची एनएआयसी ही संघटना आहे. मग आमदारांनी एनकॉइल म्हणून वेगळी चूल का मांडली? (विमा क्षेत्रातले एक निवृत्त अधिकारी, ठाणे)

कारण आयुक्त कायदा राबवतो, करत नाही. एनएआयसी १८७१ पासून आहे. तिच्याकडे मोठा कर्मचारीवर्ग आहे, आकडेवारी आहे आणि राज्यांच्या विमा खात्यांना मान्यता देण्याची व्यवस्थाही आहे. ती मान्यता टिकवायची तर ठरावीक कायदे राज्याच्या पुस्तकात असावे लागतात. म्हणजे आमदारांनी एखादा कायदा करावा यासाठी बाहेरून दाब येतो, आणि तो अशा लोकांकडून, ज्यांतले बहुतेक गव्हर्नरने नेमलेले असतात. आयुक्त थेट मतदारांनी निवडायचा अशी राज्यं अकराच.

एनकॉइल, म्हणजे नॅशनल कौन्सिल ऑफ इन्शुरन्स लेजिस्लेटर्स, १९६९ ची. ती राज्यांच्या आमदारांची. दोन्ही संघटना आदर्श कायदे, म्हणजे राज्यांनी घ्यावेत असे कायद्यांचे नमुने, लिहितात आणि अधूनमधून त्यांची चांगलीच जुंपते. एक जुना मुद्दा हस्तपुस्तिकांचा. राज्याच्या कायद्यात ‘एनएआयसीच्या हस्तपुस्तिकेप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं. पुढे एनएआयसीने पुस्तिका बदलली की विधिमंडळात एकही मत न पडता राज्याचा नियम बदलतो. आमदारांचा यावरचा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. एनकॉइलच्या बैठकांत आयुक्तांशी संवादाचं स्वतंत्र सत्र असतं, तिथे असे प्रश्न समोरासमोर विचारले जातात.

प्रश्न : एनकॉइल ही संघटना प्रत्यक्ष चालते कशी? आदर्श कायदा कागदावरून राज्याच्या पुस्तकात पोहोचतो तो कसा, आणि अडतो कुठे? (विधिमंडळ कामकाजाच्या अभ्यासक, मुंबई)

वर्षाला तीन राष्ट्रीय बैठका होतात : वसंतातली, उन्हाळ्यातली आणि वर्षअखेरची वार्षिक. काम समित्यांत वाटलेलं असतं. मालमत्ता व अपघात, आरोग्य, आयुर्विमा, कामगार नुकसानभरपाई अशा त्या समित्या. मसुद्याला आमदार प्रायोजक लागतोच. कंपनी, वकील, ग्राहक संघटना यांनी मसुदा लिहून दिला तरी एखाद्या आमदाराने तो आपल्या नावाने मांडल्याशिवाय चर्चा होत नाही. मसुदा बैठकीच्या ३० दिवस आधी पोहोचवायचा. हा नियम नसता तर आदल्या रात्री हॉटेलच्या लॉबीत तयार झालेलं कलम सकाळी टेबलावर आलं असतं.

समितीत कंपन्या, एजंटांच्या संघटना आणि ग्राहकांचे प्रतिनिधी बाजू मांडतात, मत मात्र फक्त आमदार देतात. वादाचा मसुदा दोन-तीन बैठका फिरतो आणि मधल्या काळात फोनवर बैठका होतात. समितीने मंजूर केलेला मसुदा कार्यकारिणीपुढे जातो. तिथे बिनवादाच्या गोष्टी एका यादीत बांधून एकदम मंजूर करतात. तुम्हाला एखादं कलम अडवायचं असेल तर ते समितीतच अडवा, कार्यकारिणीपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

इतिवृत्तं वाचायला घ्या. पहिल्याच परिच्छेदात बहुधा एक ठराव दिसेल : अमक्या प्रतिनिधीने सुचवलं, तमक्या सिनेटरने (दोघंही राज्यांचे आमदारच) अनुमोदन दिलं, आणि समितीने आवाजी मतदानाने, कोणाच्याही हरकतीशिवाय, गणपूर्तीची अट शिथिल केली. पुढच्या ठरावात मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर. आपल्याकडच्या वाचकाला हे खटकेल, पण कारण साधं आहे. बहुतेक राज्यांत आमदारकी अर्धवेळ असते, घरी शेती, वकिली किंवा एजन्सी असते आणि एकाच वेळी दोन समित्यांत बसावं लागतं. अट शिथिल केली नाही तर काम ठप्प होईल. तरीही वादाच्या मसुद्यावर मोजक्या हातांनी मत झालं असेल तर त्या मंजुरीचं वजन आपण तेवढंच धरावं.

मंजूर झालेला आदर्श कायदा कोणालाच बंधनकारक नसतो. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींसारखंच हे : सभेने स्वीकारेपर्यंत तो नुसता छापील कागद. आमदाराने तो घरी नेऊन आपल्या राज्यात विधेयक म्हणून मांडायचा, आणि खरी अडचण इथून सुरू होते. टेक्ससचं नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षांत, जास्तीत जास्त १४० दिवसांचं. २०२५ च्या उन्हाळ्यात मंजूर झालेल्या मसुद्याला तिथे थेट जानेवारी २०२७ ची वाट. मॉन्टाना, नेवाडा आणि नॉर्थ डकोटातही नियमित अधिवेशन वर्षाआड. प्रायोजक निवडणूक हरला किंवा त्याच्या कार्यकाळाची मर्यादा संपली की मसुदा पोरका होतो. तिसरी गोम आकड्यांची. मुदत, दंड, मर्यादा अशा जागा आदर्श कायद्यात मुद्दाम राज्यावर सोडतात. म्हणून ‘अमुक राज्याने एनकॉइलचा कायदा घेतला’ हे वाक्य अर्धवट असतं. कोणतं कलम घेतलं आणि कोणता आकडा भरला हे बघायला हवं.

उलटा प्रवासही होतो. अर्कान्सासने २०१८ मध्ये औषधांच्या दाव्यांची दलाली करणाऱ्या मध्यस्थांना, म्हणजे पीबीएमना, परवान्याची सक्ती केली. तिथले सिनेटर जेसन रॅपर्ट त्याच वर्षी एनकॉइलचे अध्यक्ष होते. वर्षअखेरीस त्या कायद्याच्या धर्तीवरचा आदर्श कायदा संघटनेने मंजूर केला. एका राज्यात चाललेली गोष्ट इतरांपुढे ठेवायची, हे या संघटनेचं सर्वांत उपयोगाचं काम आहे असं आमचं मत.

मंजूर कायदे कायमचेही नसतात. दर पाच वर्षांनी फेरमंजुरी घ्यावी लागते, नाहीतर ते बाद होतात.

प्रश्न : नोकरीसाठी नुकतेच ह्यूस्टनला आलो. भारतात अनेक वर्षं गाडी चालवली, अपघात एकही नाही. तरी विम्याचा हप्ता जबर. क्रेडिट इतिहास नाही हे कारण असू शकतं का? (एक वाचक, ह्यूस्टन)

असू शकतं, आणि इथे एनकॉइलच्या २००२ च्या आदर्श कायद्याचा तुम्हाला थेट उपयोग आहे. वैयक्तिक विम्यात क्रेडिटची माहिती कशी वापरावी याचा तो नमुना निम्म्याहून जास्त राज्यांनी कमी-अधिक फरकाने घेतला. टेक्ससने त्याच धर्तीचे नियम २००३ मध्ये केले. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वाहन विम्यासाठी क्रेडिट वापरताच येत नाही.

नमुन्यातल्या कामाच्या तरतुदी अशा. केवळ क्रेडिटच्या आधारावर पॉलिसी नाकारता किंवा रद्द करता येत नाही. क्रेडिट इतिहासच नसेल तर ती तुमच्या विरुद्धची गोष्ट धरता येत नाही. कंपनीने तुम्हाला सरासरी ग्राहक मानावं किंवा तो घटक वगळावा, आणि वेगळं काही करायचं असेल तर आयुक्तांपुढे आकडेवारीनिशी दाखवावं. ३० दिवसांत गाडीच्या कर्जासाठी पाच बँकांनी तुमची माहिती तपासली तरी ती एकच चौकशी धरायची. वैद्यकीय बिलांची थकीत वसुली मोजायची नाही. हप्ता क्रेडिटमुळे वाढला असेल तर तसं कळवायचं, चारपर्यंत मुख्य कारणांसह. ‘स्कोर कमी’ एवढंच लिहिणं चालत नाही.

तेव्हा आधी ही कारणं कळवणारं पत्र शोधा. ईमेलच्या जोडपत्रांतही असू शकतं. त्यात माहिती कोणत्या क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, घेतली ते दिलेलं असतं. केंद्रीय कायद्यानुसार ६० दिवसांत त्या ब्युरोकडून तुमचा अहवाल फुकट मिळतो. भारतीय नावांच्या बाबतीत हमखास होणारा घोळ म्हणजे मधलं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी मधे, कधी आडनावाच्या जागी पडतं आणि एकाच माणसाच्या दोन फायली होतात. तसं असेल तर ब्युरोकडे लेखी वाद घाला. दुरुस्ती झाल्याचं पत्र विमा कंपनीला पाठवून फेरआकारणी मागा. नमुन्यानुसार कंपनीने ३० दिवसांत ती करायची असते आणि जास्त घेतलेला हप्ता परत करायचा असतो, जास्तीत जास्त मागच्या १२ महिन्यांचा. हे आपोआप होत नाही, मागावं लागतं.

२००९ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडलं. आजारपण, घटस्फोट, जोडीदार, मूल किंवा आई-वडील यांचा मृत्यू, ओळखचोरी, किंवा मनाविरुद्ध गेलेली आणि तीन महिने वा जास्त न मिळालेली नोकरी यामुळे क्रेडिट घसरलं असेल, तर लेखी अर्ज करून सवलत मागता येते. कामावरून कमी केलेल्या एच-वन व्हिसाधारकांनी हे जरूर बघावं. कंपनी कागद मागेल, म्हणून नोकरी सुटल्याचं पत्र जपून ठेवा. तुमच्या राज्याने ही दुरुस्ती कोणत्या शब्दांत घेतली आहे ते मात्र आधी तपासा.

भारतातल्या वाहनचालनाचा अनुभव बहुतेक कंपन्या धरत नाहीत, तो मुद्दा या कायद्याबाहेरचा आहे.

प्रश्न : दोन्ही संघटना एकाच विषयावर काम करतात, तर एकत्र का येत नाहीत? (पुनर्विमा क्षेत्रातले एक वाचक, मुंबई)

न आल्याचं ठळक उदाहरण म्हणजे सरप्लस लाइन्सचा कर. स्थानिक परवानाधारक कंपन्या घेत नाहीत अशी जोखीम बाहेरच्या कंपनीकडे विमाबद्ध करतात, त्या व्यवहाराचा हा कर. एका कंपनीची गोदामं चार राज्यांत असली की आधी चारही राज्यं आपापला वाटा मागायची. २०१० च्या केंद्रीय कायद्याने सांगितलं की कर फक्त विमाधारकाच्या मूळ राज्याने घ्यावा, आणि वाटणी करायची तर राज्यांनी आपसांत करार करावा. जुलै २०११ पासून हे लागू झालं.

एनकॉइलने स्लिमपॅक्ट नावाचा करार पुढे केला, एनएआयसीने निमा. राज्यं दोन गटांत विभागली. स्लिमपॅक्ट चालू व्हायला दहा राज्यं, किंवा ठरावीक वाट्याचा प्रीमियम असलेली राज्यं लागणार होती. नऊ आली आणि गाडी तिथेच अडली. निमा काही काळ चालून २०१६ मध्ये गुंडाळली गेली. बहुतेक राज्यांनी शेवटी सोपा मार्ग धरला : मूळ राज्यानेच सगळा कर ठेवायचा. ज्या राज्यांत मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं आहेत, त्यांना वाटणी नकोच होती.

प्रश्न : एनकॉइलच्या बैठकांना पैसा कोण देतं? विमा कंपन्याच ना? (एक वाचक, एडिसन)

काही भाग, हो. सदस्य राज्यांची वर्गणी असते, बैठकीची नोंदणी फी असते आणि उद्योगांसाठी वेगळं सदस्य मंडळही आहे. आमदारांच्या प्रवासखर्चाला एक प्रतिष्ठान मदत करतं. म्हणून श्रोत्यांत ग्राहकांच्या बाजूचे थोडे आणि उद्योगाचे जास्त, हे चित्र खरं आहे. पण मसुदे आणि इतिवृत्तं संकेतस्थळावर असतात, कोण काय बोललं ते कळतं.

तुम्हाला काही बदलून हवं असेल तर राष्ट्रीय बैठकीच्या मागे लागू नका. तुमच्या राज्याच्या विधिमंडळात विम्याचं काम पाहणारी समिती शोधा, तिच्यात तुमच्या मतदारसंघाचा आमदार नसेल तर अध्यक्षाला लिहा. अधिवेशनाच्या आधी लिहा, चालू असताना नको. पत्रात तीन गोष्टी द्या : आदर्श कायद्याचं नाव आणि वर्ष, तो घेतलेल्या एखाद्या शेजारी राज्याच्या कलमाचा क्रमांक, आणि तुमच्या पॉलिसीतलं नेमकं वाक्य, पान क्रमांकासह.