राग विनोदवीरांवर कमी, बिशपांवर जास्त

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंड-अमेरिकेतले परंपरावादी ख्रिश्चन टीव्हीवरच्या रात्री उशिराच्या विनोदी कार्यक्रमांना शिव्या घालतात आणि त्याच दमात अँग्लिकन चर्चलाही (म्हणजे इंग्लंडचं राष्ट्रीय 'चर्च ऑफ इंग्लंड' आणि त्याच्या जगभरच्या शाखा). टिंगल होते ती चर्चचीच, मग मार खाणाऱ्यावर राग का? आणि आपल्याकडच्या चर्चना यातलं काही लागू होतं का?

"त्यांना विनोद कळत नाही" एवढ्यावर हा विषय मिटवणारे खूप भेटतात. माझं मत नेमकं उलट आहे. त्यांना विनोद चांगलाच कळतो. अँग्लिकन चर्चबद्दल विनोदवीर जे बोलतात ते त्यांना मनातून पटतं, खरी अडचण तिथे आहे.

सुरुवात १९६३ पासून करावी लागेल. बीबीसीवर शनिवारी रात्री 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' नावाचा कार्यक्रम लागायचा. सूत्रसंचालक डेव्हिड फ्रॉस्ट, जेमतेम तेविशीतला, स्वतः एका मेथडिस्ट पाळकाचा मुलगा. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी एक प्रहसन केलं. ग्राहकांच्या मासिकात वॉशिंग मशीनची तुलना छापतात ना, तशी धर्मांची तुलना. घालायचं काय, मिळणार काय, खर्च किती. यहुदी, कॅथलिक, इस्लाम, बौद्ध, एवढंच काय कम्युनिझमही त्या रांगेत उभा केला होता. शेवटी निकाल लागला: सगळ्यांत परवडणारी खरेदी म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड. थोडक्या पैशांत बरा माल.

तक्रारी आल्याच. पण तेव्हाच्या एखाद्या कट्टर इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि पश्चात्तापावर भर देणाऱ्या माणसाला विचारलं असतं की बाबा, तुमच्या राष्ट्रीय चर्चचं दुखणं काय, तर त्यानेही हेच सांगितलं असतं. हे चर्च कोणाकडून काही मागतच नाही. पापाचं नाव काढत नाही, पश्चात्ताप करा म्हणत नाही, बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी एवढ्यापुरतं दार उघडं. फ्रॉस्टच्या मंडळींनी ते हसत हसत सांगितलं, इतकाच फरक.

आणि दोनच महिन्यांनी, मार्च १९६३ मध्ये, वूलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांचं 'ऑनेस्ट टू गॉड' हे पुस्तक आलं. वर आकाशात कुठेतरी बसलेला देव ही कल्पना आता सोडून द्या, असा त्याचा सूर. 'ऑब्झर्व्हर'ने रॉबिन्सन यांचाच लेख छापला, मथळा असा की देवाची आपली प्रतिमा आता गेली पाहिजे. पुस्तक धडाधड खपलं. परंपरावाद्यांच्या जागी बसून बघा. टीव्हीवरचा पोरगा देवाधर्माची थट्टा करतो, त्याने कसली शपथ घेतलेली नसते. बिशपने घेतलेली असते, प्रेषितांची शिकवण राखण्याची. राग कोणाचा जास्त येणार?

मेरी व्हाइटहाउस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. श्रॉपशरमधली शाळाशिक्षिका, १९६४ मध्ये बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये टीव्ही स्वच्छ करण्याची मोहीम सुरू करणारी. तिची प्रतिमा 'विनोदाची वैरीण' अशी झाली आहे, आणि बीबीसीचे महासंचालक ह्यू कार्लटन ग्रीन तिला आयुष्यभर खलनायक वाटले हेही खरं. पण तिच्या रागाची ठिणगी एखाद्या प्रहसनावरून पडली नव्हती. तिच्या शाळेतल्या मुली बीबीसीवरचा एक धार्मिक चर्चेचा कार्यक्रम पाहून आल्या होत्या, त्यात लग्नाआधीच्या शरीरसंबंधांवर बोलणं झालं होतं. म्हणजे मूळ तक्रार धर्माच्याच खात्यावर जमा होती. ही बाई स्वतः अँग्लिकन, हे विसरू नका. परक्यांच्या घरात दगड मारणारी ती नव्हती.

आता ज्या रात्रीमुळे हे सगळं एकाच पडद्यावर आलं, ती रात्र. शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९७९. मॉंटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूचा 'लाइफ ऑफ ब्रायन' हा चित्रपट (येशूच्याच काळातल्या ब्रायनला लोक चुकून मसीहा समजतात, त्याची गोष्ट) आदल्याच दिवशी लंडनमध्ये लागला होता. बीबीसी-२ वर 'फ्रायडे नाइट, सॅटर्डे मॉर्निंग' नावाचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम, सूत्रसंचालक टिम राइस (म्हणजे 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'ची गाणी लिहिणारा माणूस, काय निवड आहे बघा). एका बाजूला त्या चमूतले जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन. दुसऱ्या बाजूला शहात्तर वर्षांचे माल्कम मगरिज, एकेकाळी 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे संपादक, नंतर श्रद्धावान झालेले, मदर तेरेसांचं काम पाश्चात्त्य प्रेक्षकांपर्यंत पोचवणारे. त्यांच्या शेजारी साउथवर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड, जांभळा झगा, छातीवर भला मोठा क्रूस, आणि बोलता बोलता त्या क्रूसाशी हाताचा चाळा चालू.

क्लीझ आणि पेलिन तयारीने आले होते. त्यांचा मुद्दा साधा होता: चित्रपट येशूवर नाही, डोकं गहाण टाकून कोणाच्याही मागे धावणाऱ्यांवर आहे. समोरून मुद्द्याला मुद्दा आलाच नाही. मगरिजनी चित्रपट दहाव्या दर्जाचा ठरवला. स्टॉकवुड वर्गातल्या टवाळ पोरांना झापल्यासारखे बोलत राहिले आणि शेवटी म्हणाले की तुम्हाला तुमची तीस चांदीची नाणी (येशूला पकडून देणाऱ्या यहूदाची ती लाच) मिळतीलच. एरवी सगळ्यांत गोड स्वभावाचा समजला जाणारा पेलिन तिथे उघड उघड तापलेला दिसतो. नंतर कळलं की मगरिज आणि स्टॉकवुड चित्रपटाच्या खेळाला उशिरा पोचले होते आणि सुरुवातीचा भाग त्यांनी पाहिलाच नव्हता. येशू आणि ब्रायन ही दोन वेगळी माणसं आहेत हे नेमकं त्याच भागात दिसतं. डोंगरावरचं प्रवचन चालू आहे, येशू आदराने दाखवलाय, आणि मागे उभ्या असलेल्यांना नीट ऐकू येत नाहीये.

पुरोगाम्यांनी ही चर्चा 'धर्माचा पराभव' म्हणून मिरवली. परंपरावादी बाजूने बघितलं की वेगळंच दिसतं. वूलिच हा भाग साउथवर्क धर्मप्रांतातच येतो. 'ऑनेस्ट टू गॉड'वाल्या रॉबिन्सनना तिथे आणणारे बिशप कोण, तर हेच स्टॉकवुड. जुनी शिकवण सैल करणाऱ्या मंडळींचा अड्डा म्हणून त्या धर्मप्रांताचं नाव साठच्या दशकापासून गाजत होतं. आणि आता ख्रिस्ताची बाजू मांडायला टीव्हीवर पाठवला कोण, तर हा माणूस! चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात ते हेच. ज्याने वीस वर्षं शास्त्र पातळ केलं, त्याच्याकडे वेळ आल्यावर शास्त्र उरलंच नव्हतं, फक्त झगा आणि क्रूस उरला होता. मला स्वतःला हा त्यांचा आरोप थोडा कठोर वाटतो, स्टॉकवुड गरीब वस्त्यांमधून खूप काम केलेला माणूस होता. पण चर्चा बघितल्यावर आरोप खोटा म्हणवत नाही.

मगरिज १९८२ मध्ये रोमन कॅथलिक झाले. हाही एक ठराविक मार्ग: अँग्लिकन चर्चला कंटाळायचं आणि रोमला जायचं. कराचीत जन्मलेले, रॉचेस्टरचे माजी बिशप मायकेल नझीर-अली यांनी २०२१ मध्ये तेच केलं.

१९८४ चं डरहॅम प्रकरण तर या मंडळींच्या तोंडपाठ असतं. डेव्हिड जेंकिन्स डरहॅमचे बिशप व्हायचे होते, आणि येशूचा कुमारीजन्म (मरियेने कुमारी असतानाच त्याला जन्म दिला ही श्रद्धा) शब्दशः मानलाच पाहिजे असं नाही, असं ते टीव्हीवर बोलून बसले. ६ जुलैला यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलमध्ये त्यांचा बिशपपदाचा विधी झाला. ९ जुलैच्या पहाटे त्याच मिन्स्टरला आग लागली, वीज पडली म्हणतात, दक्षिणेकडचं छप्पर गेलं. देवाने उत्तर दिलं, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. जेंकिन्सवर अन्यायही झाला. येशूचं पुनरुत्थान म्हणजे 'नुसती हाडांची जादू' नव्हे, त्याहून मोठं काही आहे, असं ते म्हणाले होते. लोकांनी 'नव्हे' गाळलं आणि जादू ठेवली.

अमेरिकेचं मी पटकन आटोपतो. तिथल्या अँग्लिकन शाखेला एपिस्कोपल चर्च म्हणतात. विनोदी नट रॉबिन विल्यम्स त्याच चर्चचा, आणि मंचावर तो त्याची ओळख 'हलकं कॅथलिक' अशी करून द्यायचा: विधी तेच, अपराधीपणा निम्मा. टाळ्या पडायच्या. आता २००९ मध्ये एपिस्कोपल चर्चमधून फुटून वेगळं चर्च काढलेल्या मंडळींना विचारा की तुम्ही का फुटलात. निमित्त २००३ चं, जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी धर्मगुरूला बिशप केल्याचं. पण मूळ तक्रार विल्यम्सच्या त्या एका वाक्यात बसते.

कायद्याची बाजू कमी जणांना माहीत असते. इंग्लंडमधला ईशनिंदेचा जुना कायदा सगळ्या धर्मांसाठी नव्हताच. संरक्षण होतं ते ख्रिस्ती धर्माला, आणि तेही चर्च ऑफ इंग्लंडच्या शिकवणीपुरतं. व्हाइटहाउस बाईंनी १९७७ मध्ये 'गे न्यूज' या समलिंगींच्या नियतकालिकावर खटला जिंकला तो याच कायद्याखाली. जानेवारी २००५ मध्ये बीबीसी-२ ने शनिवारी रात्री दहाला 'जेरी स्प्रिंगर: द ऑपेरा' हे येशूचीही टवाळी करणारं संगीतनाटक दाखवलं तेव्हा पंचावन्न हजारांवर तक्रारी आल्या, 'ख्रिश्चन व्हॉइस' या परंपरावादी गटाच्या स्टीफन ग्रीननी खटला भरायचा प्रयत्न केला, तो डिसेंबर २००७ मध्ये हाय कोर्टात फेटाळला गेला. पुढच्या वर्षी कायदाच रद्द झाला. कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या दोन सर्वोच्च धर्मगुरूंनी, त्याला विरोध केला नाही. परंपरावाद्यांच्या वहीत ही नोंद ठळक आहे: किल्ला शत्रूने घेतला नाही, किल्लेदाराने दार उघडून दिलं.

पण सगळं इतकं सरळही नाही. टोनी ब्लेअर सरकारने धार्मिक द्वेषाविरुद्धचं विधेयक आणलं तेव्हा विरोधात सगळ्यांत पुढे कोण होतं? रोवन ऍटकिन्सन, ज्याने बिशप आणि पाद्री यांच्या नकला करत नाव कमावलं. आणि त्याच्या जोडीला इव्हँजेलिकल संघटना. त्याला थट्टा करण्याचा हक्क हवा होता, यांना इतर धर्म चूक आहेत असं रस्त्यावर उभं राहून सांगण्याचा. ३१ जानेवारी २००६ ला सरकार एका मतदानात २८३ विरुद्ध २८२ असं हरलं, ब्लेअर स्वतः मतदान न करता निघून गेले होते. शेवटी कायदा झाला त्यात धर्माची टीका, टवाळी आणि अपमानसुद्धा गुन्हा नाही, असं कलम आलं. ते कलम मिळावं म्हणून विनोदवीर आणि सनातनी एकाच बाजूने झगडले, बिशपांच्या मदतीवाचून त्यांचं फारसं अडलं नाही.

आजचं भांडण मात्र लंडनच्या स्टुडिओबाहेर गेलंय. २००८ मध्ये जेरुसलेमला जमलेल्या परंपरावादी अँग्लिकनांची संघटना गॅफकॉन, तिचं खरं बळ नायजेरिया, युगांडा, रवांडामध्ये आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांची कँटरबरीच्या पहिल्या महिला आर्चबिशप म्हणून निवड जाहीर झाली आणि त्याच महिन्यात गॅफकॉनने कँटरबरीशी आपलं नातं संपल्यासारखंच जाहीर केलं. युगांडातल्या कंपालाच्या बिशपला बीबीसीवर कोण काय बोललं याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याचं म्हणणं शास्त्रातल्या वचनांवर चालतं, आणि समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देणारं चर्च ऑफ इंग्लंड त्याला जुनी आई वाटते, पण ऐकण्यासारखी राहिलेली नाही.

आता आपल्याकडचं. मुंबईचं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ चं, अस्सल अँग्लिकन. पण २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात अँग्लिकनांबरोबर बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरन वगैरे प्रवाह एकत्र आले. मी याच चर्चमध्ये वाढलो. राजाचं चर्च, राज्याचं चर्च ही भानगड इथे शिल्लक नाही, त्यामुळे इंग्लंडसारखा बिशपवर डाफरणारा विनोदही रुजला नाही. शिवाय इथला कायदा वेगळा. १९२७ चं कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेतलं कलम २९९, कोणत्याही धर्माच्या भावनांना लागू पडतं, एका चर्चपुरतं नाही. २०१५ च्या सुरुवातीला एआयबी या विनोदवीरांच्या गटाच्या मुंबईतल्या 'रोस्ट'मधल्या (पाहुण्यांची जाहीर टिंगल करण्याचा कार्यक्रम) येशूवरच्या विनोदांवरून ख्रिस्ती संघटना पोलिसांकडे गेल्या आणि त्या मुलांनी कॅथलिक धर्मप्रांताची माफी मागितली. तिथे आर्चबिशप आणि तक्रारदार एकाच बाजूला होते. इंग्लंडमधल्या परंपरावाद्याला हे सुख १९६३ पासून फार क्वचित मिळालंय.