सायकोथेरपीचे इतके प्रकार आहेत, पण शेवटी सगळ्या सारख्याच ना? मनापासून ऐकून घेणारा थेरपिस्ट मिळाला की पद्धत कुठलीही चालते, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. आणि मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या माणसांची वर्षं या अर्ध्या खऱ्यानेच वाया जातात, म्हणून लांबलचक लिहितोय.

‘सगळ्या सारख्याच’ हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ सालीच मांडलं होतं. पुढे १९७७ साली स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून हिशेब केला. थेरपी घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बरा निघाला, आणि पद्धतीपद्धतींत फार फरक दिसला नाही. झालं, तेव्हापासून ‘नातं महत्त्वाचं, तंत्र दुय्यम’ म्हणणाऱ्यांना कायमचा दाखला मिळाला. पण ही सरासरी आहे. नाना तऱ्हेचे त्रास एका पातेल्यात घातले की चव एकच लागणार.

आता मंत्रचळातलं कुलपाचं उदाहरण घ्या. एक माणूस कुलूप लावतो, ओढून बघतो, जिना उतरतो, परत चढून ओढतो. रोज अर्धा तास यातच जातो. हा माणूस प्रेमळपणे ऐकणाऱ्या थेरपिस्टकडे गेला. थेरपिस्ट विचारतो, ‘आजवर कधी उघडं राहिलंय का?’ ‘नाही.’ ‘मग बघा, तुम्ही किती काळजी घेता ते.’ माणूस हलका होऊन बाहेर पडतो, दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी शंका परत येते, आणि आता ती थेरपिस्टला विचारल्याशिवाय शमत नाही. दिलासा म्हणजे कुलूप ओढणंच, फक्त हात दुसऱ्याचा.

ओढून खात्री का होत नाही, यावर २००३ साली व्हान डेन हाउट आणि किंट यांनी प्रयोग केला. लोकांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा गॅस पुन्हा पुन्हा तपासायला लावला. आठवण चुकीची होत नव्हती, पण धूसर होत गेली आणि तिच्यावरचा भरवसा उडाला. म्हणजे तपासण्यानेच शंका वाढते.

यावरचा इलाज ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवर केलेल्या कामापासून याची सुरुवात धरतात. ज्याची भीती वाटते ते करायचं, आणि भीती घालवायला जे करत आलो ते करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करताना सगळी गंमत बारकाव्यांत आहे.

पहिली दोन-तीन सेशन्स नुसती टिपणाची. किती वेळा ओढता, मोबाइलवर फोटो काढता का, किल्ली फिरवताना मनात आकडे मोजता का, घरातलं कोण ‘हो, लावलंय’ म्हणतं. मग शिडी तयार करायची आणि प्रत्येक पायरीला अस्वस्थतेचा आकडा द्यायचा, ० ते १००. कपाट एकदाच बंद करून उठणं ३०. घरात कोणी असताना दार ओढून घेऊन निघून जाणं ४५. रिकाम्या घराला कुलूप लावून तासभर बाहेर ७०. तेच, पण किल्ली फिरवताना मुद्दाम दुसरीकडे बघून, आणि दिवसभर बाहेर ८५. रात्रभर परगावी १००. सुरुवात बहुधा ४०-५० च्या आसपास करतात. फार खालून केली तर शिकायला काही मिळत नाही. फार वरून केली तर माणूस मध्येच पळतो, आणि मध्येच पळणं हे भीतीला खतपाणी.

किल्ली एकदा फिरवायची. ओढायचं नाही. पाठ फिरवून चालायला लागायचं. चालताना ‘लावलंच असेल’ असं मनात म्हणायचं नाही, कारण तोही दिलासाच. म्हणायचं ते असं: ‘कदाचित उघडं असेल, आणि आत्ता मला ते कळणार नाही.’ दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. तो आधी चढतो, आणि बहुतेक जण याच वेळी परत फिरतात. सेशन ६० ते ९० मिनिटांचं, कारण चढलेल्या आकड्यावर वेळ संपवून घरी पाठवणं बरं नव्हे. घरी रोज तीच पायरी. एकूण साधारण १२ ते २० सेशन्स. मध्ये दार, वेळ, कुलूप बदलत राहायचं, नाहीतर शिकलेलं त्या एकाच दाराला चिकटून बसतं.

बिघडतं ते चोरवाटांनी. माणूस हात खिशात ठेवतो पण किल्ली फिरल्याचा क्षण मनात दहा वेळा परत चालवून बघतो. किंवा ‘आपलं दार नीट बसतं ना गं?’ असं आडून विचारतो, आणि बायको बिचारी उत्तर देते. घरच्यांना एकच वाक्य शिकवावं लागतं: ‘याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय.’ सांगायचं मात्र शांतपणे, टोमणा न मारता. थेरपिस्टही चुकतात. दाराशी उभं राहून नुसती आश्वासक मान हलवली तरी सराव फुकट. आणि आकडा शून्यावर येणं हे ध्येय नव्हेच. शंका घेऊन दिवस काढता येतो, हे अंगवळणी पडायला हवं.

आता नात्याचं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या सांगण्यावरून कोणी कुलूप न ओढता निघणार नाही, हे मला पूर्ण मान्य. पण बोर्डिन यांनी १९७९ साली थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयाबद्दल एकमत, करायच्या कामाबद्दल एकमत, आणि जिव्हाळा. तीनपैकी पहिले दोन प्रत्यक्ष करायच्या कामाबद्दलचे आहेत. नात्याचे कैवारी तिसरा तेवढा लक्षात ठेवतात.

बाकी पद्धतींबद्दल थोडक्यात. पॅनिक अटॅकमध्ये पुन्हा तंत्रच: मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन, जागच्या जागी पळून, खुर्चीत गरगर फिरून घाबरवणाऱ्या संवेदना अंगावर घ्यायच्या. स्वतःला इजा करून घेण्याच्या सवयीसाठी मार्शा लिनेहन यांची डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी. त्यात दर आठवड्याला एकट्याचं सेशन, कौशल्यांचा गट, मधल्या काळात फोन, आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक, हे सगळं येतं. नुसत्या वर्कशीट वाटून ‘आम्ही डीबीटी करतो’ म्हणणं बरोबर नाही. डिप्रेशनमध्ये मात्र तुमचं म्हणणं बरंचसं खरं. बेक यांच्या सीबीटीत, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपीत, आपोआप येणारे विचार पकडून पुराव्यावर तपासतात. बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशनमध्ये मन लागण्याची वाट न बघता दिवसाचं वेळापत्रक भरतात. इंटरपर्सनल थेरपी १२ ते १६ सेशन्समध्ये एखादा वियोग, भांडण किंवा बदललेली भूमिका हाताळते. सायकोडायनॅमिकमध्ये नात्यांतला जुना साचा थेरपिस्टबरोबरही कसा उमटतो ते बघतात. यांत निकालाचा फरक थोडा, तेव्हा जमेल ती घ्या. रॉजर्स यांची, मनापासून ऐकून घेण्यावरच भर देणारी व्यक्तिकेंद्री पद्धत मला आवडते, पण कुलपासाठी नाही.

कुठलीही घेतलीत तरी मोजा. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, २७ गुणांची प्रश्नावली असते. त्यात ५ गुणांची घट म्हणजे खरा फरक. सहा-आठ सेशन्सनंतर आकडा जागचा हलला नसेल तर तोंडावर विचारा, ‘आता काय बदलायचं?’ या प्रश्नाचा ज्यांना राग येतो त्यांच्याकडे राहू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास होत असतील किंवा दारू सोडताना अंग थरथरत असेल, तर शिडी बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर. मंत्रचळात गोळ्या आणि ईआरपी बरोबर चालतात, गोळ्या घेणं म्हणजे हरणं नव्हे. उतारवयात अचानक सुरू झालेलं तपासणं विसरण्यामुळेही असू शकतं, तिथे ईआरपी लावणं चूक. आणि ताणाच्या दिवसांत कुलूप परत ओढलं जातं. तेव्हा पहिल्यापासून नाही, दोन पायऱ्या खाली येऊन सुरू करायचं.

तुमचा त्रास कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत. कुलपासारखा काही असेल तर थेरपिस्टला फोनवरच विचारा: ‘सरावाला तुम्ही माझ्याबरोबर दारापर्यंत याल का, निदान व्हिडिओ कॉलवर?’ ‘आपण आधी तुमच्या बालपणाबद्दल बोलू’ असं उत्तर आलं, तर आभार मानून फोन ठेवा.