शहराच्या रस्त्यांवर खेळायचे कथा-खेळ नाशिकमध्ये जमतील का?

जमतील (खेळाडू शहरात फिरत कथेचे दुवे शोधतात, असे हे खेळ), मात्र कथा घरात बसून न रचता रस्त्यांवरून चालत रचावी लागेल. ब्रिटनमधील ब्लास्ट थिअरी या कलासमूहाने २००१ मध्ये शेफील्डला केलेल्या खेळात ऑनलाइन खेळाडूंचा पाठलाग करणारे कलाकार हातात जीपीएस यंत्र घेऊन खऱ्या रस्त्यांवर धावत होते. नाशिकला एवढ्या यंत्रणेची गरज नाही (जुन्या गावठाणाच्या बोळांत जीपीएस तसेही दगा देते). गोदावरीच्या पुराचे माप ज्याच्या अंगावर पाहिले जाते, ती नदीतील दुतोंड्या मारुतीची मूर्ती हा आयताच दुवा आहे. कथेत पुराच्या रात्री हरवलेल्या वहीचा शोध तिथून सरकारवाडा या पेशवेकालीन वाड्यापर्यंत नेता येईल. सराफ बाजारातील दुकानदाराला पात्र करायचे असल्यास त्याची संमती आधी घ्यावी. रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनासाठी येतात, तिथे मात्र खेळ नेऊच नये.