मोजक्या कर्मचाऱ्यांत व्यक्तिकेंद्रित काळजी शक्य आहे का?

अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यातल्या वृद्धाश्रमात मोजकेच कर्मचारी असताना प्रत्येक वृद्धाकडे स्वतंत्र लक्ष कसे देणार, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, येथे मनुष्यबळापेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयी हाच आग्रह धरला होता की, आजाराआधी माणूस पाहावा आणि त्याच्या वागण्यामागे त्याचा जीवनक्रम शोधावा.

उदाहरणार्थ, जन्मभर पहाटे चार वाजता उठून गोठ्यात बैलांना कडबा टाकणारा शेतकरी आश्रमात त्याच वेळी उठून दाराची कडी वाजवू लागला, तर तो त्रास देत नसून त्याच्या दृष्टीने कामाला निघालेला असतो. अशा वेळी झोपेची गोळी दिल्यास पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो, त्यापेक्षा त्याला चहा देऊन कुणाच्या तरी नजरेसमोर ओसरीवर बसवणे बरे. यासाठी दाखल होतानाच उठण्याची वेळ, भाकर की पोळी, स्नान सकाळी की संध्याकाळी, हाक कोणत्या नावाने मारावी, सामुदायिक प्रार्थनेला बसण्याची सवय आहे का, हे नातेवाइकांसमक्ष स्वतः त्या वृद्धालाच विचारून एका पानावर लिहून ठेवावे. (नातेवाईकच सगळी उत्तरे देऊ लागतात, त्यांना थोडे थांबवावे लागते.) शक्यतो त्याच वृद्धांकडे रोज तोच कर्मचारी नेमावा आणि त्याने वऱ्हाडीतच बोलावे.