लिलावातली हिऱ्याची अंगठी आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका वाचक भगिनीने विचारलं आहे: मुंबईच्या लिलावात 2.01 कॅरटच्या गोल हिऱ्याची अंगठी आहे. रंग जी (जवळपास रंगहीन), शुद्धता व्हीएस1 (अगदी बारीक दोष), सोबत जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेचं 2009 चं प्रमाणपत्र, अंदाजित किंमत 12 ते 15 लाख. 20 लाखांच्या एफडीची मुदत संपतेय. अंगठी घ्यावी, वापरावी आणि आठ वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला विकावी का?

ताई, हौसेसाठी घेणार असाल तर जरूर विचार करू. शिक्षणाची तरतूद म्हणून मात्र घेऊ नका. आधी आकडे बघा.

कॅटलॉगमधला अंदाज फक्त बोलीचा असतो. समजा हातोडा 14 लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी झाली. बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन, 20 टक्के धरलं तर 2.80 लाख. दागिन्यावर 3 टक्के जीएसटी 42,000 आणि कमिशनवर 18 टक्के म्हणजे 50,400. अंगठी पडली 17 लाख 72 हजार 400 रुपयांना. आठ वर्षांनी ती पुन्हा 14 लाखांनाच गेली आणि विक्रेत्याचं कमिशन 10 टक्के अधिक जीएसटी असं कापलं गेलं, तर हातात येतील 12.35 लाख. नुसती मुद्दल सुटायला बोली 20 लाखांच्या पुढे जायला हवी. प्रत्येक लिलावाचे दर वेगळे असतात, म्हणून अटींचा कागद आधी मागवा आणि हाच हिशेब त्यांच्या दरांनी करा.

सोन्यासारखा हिऱ्याला रोजचा जाहीर भाव नाही. सराफ परत घेताना घासाघीस करतोच. शिवाय सुरतेत प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांचे भाव कोसळले आहेत आणि 2022 नंतर नैसर्गिक हिऱ्यांचे भावही नरमले आहेत. फीची तारीख मात्र ठरलेली असते. तेव्हा बाजार पडलेला असला तर थांबायची सोय नाही. तुम्ही बडोद्याच्या, म्हणून मनात येईल की गायकवाडांच्या मोत्यांचा दुपदरी हार 2007 मध्ये न्यूयॉर्कला सुमारे 71 लाख डॉलरला गेला. तो भाव राजघराण्याच्या इतिहासालाही मिळाला होता. या अंगठीमागे तसं काही नाही.

तरीही आवडलीच असेल, तर मुंबईला जाऊन प्रत्यक्ष बघा. दहापट भिंगातून हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला क्रमांक आहे का ते पाहा. असेल तर तो प्रमाणपत्राशी आणि जीआयएच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी जुळवा. पण एवढ्यावर थांबू नका. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यावर दुसऱ्या, नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक कोरल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत. गेजने व्यास मोजायला सांगा. या वजनाचा गोल हिरा साधारण 8 मिमीचा असतो, तो प्रमाणपत्रातल्या मापाशी जुळला पाहिजे. इतक्या वर्षांच्या वापरात पकडींखाली कड टवकलेली असू शकते, आणि 2009 च्या कागदात ते दिसणार नाही. जीआयए सुटाच हिरा तपासतं, त्यामुळे नवं प्रमाणपत्र हवं तर खडा काढावा लागेल. तो खर्च कोणाचा, हे आधीच विचारा. माल बहुधा आहे त्या स्थितीत विकला जातो, नंतर तक्रार चालत नाही.

बोलीची मर्यादा उलटी काढा. सगळं धरून 12 लाखच घालायचे असतील तर वरच्या दरांनी 1.266 ने भागा (बोलीच्या दर रुपयामागे कमिशन 20 पैसे, त्यावरचा जीएसटी 3.6 पैसे आणि दागिन्यावरचा 3 पैसे): हातोड्याची कमाल 9.48 लाख. ती अंदाजाच्या खालीच आहे, म्हणजे अंगठी बहुतेक मिळणार नाही. मिळाली नाही तरी चालेल, पण आकडा ओलांडू नका. लेखी बोली दिली तर भर सभागृहात हात वर जायचा धोका टळतो.

घेतलीच तर पैसे बँकेतून द्या, पॅन लागेल, बिल जपून ठेवा. 24 महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर 12.5 टक्के कर, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. लॉकरवर विसंबू नका: आग, चोरी किंवा बँक कर्मचाऱ्याच्या अफरातफरीतही बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. भाडं 3,000 असेल तर 3 लाख. दागिन्यांचा स्वतंत्र विमा लागेल, त्याचा हप्ता दरवर्षीचा.

मुलीसाठीचे 20 लाख आता वेगळे काढा आणि अंगठीसाठी त्यातला रुपयाही घेऊ नका. आठ वर्षं हातात आहेत, तेव्हा निम्मे एफडीत, निम्मे इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या फंडात ठेवा आणि शेवटच्या तीन वर्षांत फंडातले टप्प्याटप्प्याने एफडीत वळवा.