राणी छाप रुपया, विकणाऱ्याचं ‘एक्सएफ’ आणि कडेवरची झाळ

नमस्कार. तुमचा मेल आणि सोबतचे नऊ फोटो नीट बघितले. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी भानगड थोडक्यात सांगतो. तुम्ही साताऱ्याचे, वडिलांच्या पंच्याहत्तरीला द्यायला म्हणून एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून 1862 चा राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेला चांदीचा रुपया घेतलात, साडेनऊ हजार यूपीआयने दिलेत, विकणाऱ्याच्या पोस्टमध्ये होतं ‘एक्सएफ प्लस, नॉट क्लीन्ड, नो प्रॉब्लेम’, म्हणजे फारच थोडं झिजलेलं, कधी घासून साफ न केलेलं, बाकी काही दोष नसलेलं. नाणं हातात आल्यावर सराफाने काट्यावर ठेवलं तर भरलं 11.21 ग्रॅम, आणि तुमच्या ओळखीच्या नाणी जमवणाऱ्या काकांनी भिंग लावून सांगितलं की हे फार तर फाईन, म्हणजे बरंच झिजलेलं, वर पॉलिश मारलंय आणि राणीच्या डोक्यावर कडेला झाळ, म्हणजे धातूचं डागकाम केल्याची खूण दिसतीये. विकणारा म्हणतो ग्रेड म्हणजे मत, तुमचं वेगळं माझं वेगळं, ग्रुपचा रूल नो रिटर्न. तुम्ही विचारलंय की केस होते का, आणि न्यू जर्सीच्या चुलतभावाकडे नाणं पाठवून तिकडच्या नामांकित कंपनीकडून ग्रेड करून प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये घालून आणलं तर तो पुरावा म्हणून चालेल का.

केस होते. नाणं मात्र अमेरिकेला अजिबात पाठवू नका, ते शेवटी सांगतो.

आधी विकणाऱ्याचं म्हणणं घेऊ कारण त्यात अर्धं खरं आहे. ग्रेड 1 ते 70 अशा आकड्यात मोजतात, 12 म्हणजे फाईन, 20 व्हीएफ (व्हेरी फाईन), 40 एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाईन), 60 च्या पुढे न वापरलेलं, पण व्हीएफ कुठे संपतं आणि एक्सएफ कुठे सुरू होतं यावर दोन जाणकार रात्रभर भांडू शकतात आणि दोघंही बरोबर असू शकतात. तुमची तक्रार एवढीच असती की एक्सएफ प्लस म्हणाला आणि निघालं साधं एक्सएफ, तर मी सरळ सांगितलं असतं सोडून द्या. अर्ध्या पायरीच्या वादात ग्राहक आयोगही विकणाऱ्याच्या बाजूने झुकेल.

पण तुमच्या फोटोत पायरी अर्धी नाही. राणीच्या कानावरचे केस बघा, तिथे केसाची एकेक बट दिसायला हवी, तुमच्या नाण्यावर तो भाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालाय. मुकुटातले बारीक मणी एकमेकांत मिसळलेत, खांद्यावरच्या कपड्याची नक्षी अर्धी पुसलीये. रुपया सगळ्यात आधी झिजतो तो याच उंच जागांवर. आणि इतकं झिजलेलं नाणं सगळीकडून एकसारखं पांढरंफेक चमकतंय, खोलगट जागेतसुद्धा जुना काळपटपणा नाही, तिरक्या उजेडातल्या फोटोत एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात, म्हणजे कुणीतरी घासलंय. आता वजन. हा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यात अकरा बारांश चांदी. तुमच्यातून जवळपास 4 टक्के गेलंय. इंग्रजांच्या 1906 च्या नाणे कायद्यात 2 टक्क्यांपेक्षा जास्त झिजलेला रुपया कायदेशीर चलन म्हणून धरत नव्हते, म्हणजे कायद्याने ज्याला चलन मानलं नसतं तो हा माणूस एक्सएफ प्लस म्हणून विकतोय!

आणि झाळ. आपल्याकडे राणी छापला कडी लावून गळ्यात घालायची जुनी पद्धत, नंतर कुणीतरी कडी काढतं आणि कड कानशीने साफ करतं. तुमच्या सहाव्या फोटोत बाराच्या काट्याच्या जागी कडेच्या दातेरी रेषा बोटभर नाहीतच, तिथे धातूचा रंगही वेगळा आहे. हे मत नव्हे, ही वस्तुस्थिती, कुणाच्याही भिंगाखाली दिसणारी. ‘नॉट क्लीन्ड, नो प्रॉब्लेम’ हेही मत नव्हतं, ते विधान होतं आणि ते खोटं निघालं. तुमची सगळी केस या दोन गोष्टींवर आणि वजनावर उभी करा, ग्रेडचा आकडा तक्रारीच्या तिसऱ्या परिच्छेदात टाका.

कायद्याचं म्हणाल तर 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 15, वर्णनावर विकलेला माल वर्णनाप्रमाणे असायला हवा. आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47), अनुचित व्यापारी प्रथा, त्यात माल अमुक दर्जाचा, अमुक ग्रेडचा असल्याचं खोटं सांगणं चक्क लिहिलंय, ग्रेड हा शब्दच कायद्यात आहे. त्याच कलमात बिल न देणं येतं, आणि सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत न घेणं, पैसे न देणं हेही येतं. तुम्हाला बिल मिळालेलंच नाही, त्यामुळे ग्रुपच्या रूलचा बाऊ करू नका.

विकणारा आता म्हणतोय आधी कुरिअर करा मग बघू. करू नका. नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारी खरेदीदाराची नाही, माल विक्री कायद्याचं कलम 43, नाकारलं हे कळवलं की पुरे. फक्त ते कळवणं लवकर हवं, महिनोन्महिने नाणं ठेवून घेतलं तर स्वीकारलं असं धरतात. तुमचे बारा दिवस झालेत, म्हणून आजच मेसेज टाका आणि आठवड्याच्या आत पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस, 15 दिवसांची मुदत. चॅट डिलीट होऊ देऊ नका, मूळ पोस्ट, व्हॉइस नोट, यूपीआयची पावती सगळं मूळ फोनमध्येच राहू द्या, शिवाय तो दर आठवड्याला किती नाणी टाकतो त्याचे स्क्रीनशॉट घ्या, कारण उद्या तो म्हणणार मी धंदेवाला नाही, हौशी माणूस आहे.

उलट त्याचा वकील तुम्हाला म्हणेल की तुम्ही पुढे विकून नफा कमवायला घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. आयुष्यात एकच नाणं घेतलंय, तेही वडिलांना द्यायला, त्यामुळे हा मुद्दा टिकत नाही.

तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असंही नाही (हे मी लिहितोय, बाकीचे वकील ओरडतील), मुदत दोन वर्षांची आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, बरेच लोक तिथूनच फोन गेला की मऊ येतात. निकाल कागदावर तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, प्रत्यक्षात जास्त धरून चाला. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते पण दिवाणी बाब आहे सांगून परत पाठवतील, साडेनऊ हजारांसाठी मी तरी तिथून सुरुवात करणार नाही.

वडील नाणं रांगोळीने घासायला बसले होते ते तुम्ही वेळेत हिसकावलंत हे फार बरं झालं. पॉलिश तुम्हीच मारलं असं म्हणायला त्याला तेवढंच हवं होतं. सराफाला कसोटीवरही घासू देऊ नका. एका पाकिटात घाला, त्यावर तारीख आणि सराफाच्या वजनाची चिठ्ठी, आणि काकांकडून दोन ओळींचा लेखी अभिप्राय सहीनिशी.

आता न्यू जर्सी. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवायचा हक्क केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेलाच आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड. लोक पाठवतात, कुरिअरवाले घेतात, मला माहितीये, पण तुम्ही तोच स्लॅब आयोगात पुरावा म्हणून ठेवला की नाणं बाहेर गेलं होतं हे तुमच्याच सहीने सिद्ध होतं. चुलतभाऊ दिवाळीत येतोय म्हणालात, त्याच्या बॅगेतही घालू नका. तपासणी हवीच असेल तर आयोगाला तसा अर्ज करा, ते इथेच होतं, आणि खर्च आधी तुम्हाला भरायला सांगतील एवढी तयारी ठेवा.