संसार सांभाळून बी.एड. करणाऱ्यांचे प्रश्न

अध्यापक महाविद्यालयातल्या माझ्या वर्गात पदवीनंतर लगेच आलेल्या मुलामुलींच्या शेजारी घरी लहान मूल ठेवून आलेली आईही बसलेली असते. दोघांना अभ्यासक्रम एकच, नियम एकच. पण संध्याकाळी घरी गेल्यावर दोघांचे दिवस फार वेगळे होतात. या वेळी निवडलेले प्रश्न अशा दुसऱ्या गटातल्या वाचकांचे आहेत.

मॅडम, माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. पुढच्या सत्रात इंटर्नशिप सुरू होते आहे. त्याचं ताप-सर्दीचं चक्र चालूच असतं. हजेरी भरेल की नाही, याची आत्तापासून धास्ती वाटते.

आधी हिशेब मांडू या, म्हणजे धास्ती आटोक्यात येईल. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीप्रमाणे तासिका आणि प्रात्यक्षिकांना किमान 80 टक्के, तर शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते. दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप 16 आठवड्यांची. शाळा आठवड्याला सहा दिवस भरत असेल तर 96 दिवस, म्हणजे नऊ दिवस तुमच्या हातात. मधल्या सुट्ट्या धरल्या तर त्याहून एखाद-दुसरा कमी. हे दिवस मुलाच्या आणि तुमच्या आजारपणासाठी राखून ठेवा. समारंभ, पाहुणे, बँकेची कामं यांत त्यातला एकही घालवू नका. पहिल्या महिन्यात पाच दिवस संपले, की पुढचे तीन महिने जीव टांगणीला लागतो.

मूल आजारी पडलं की पहिल्या दिवशी घरी कोण राहणार आणि दुसऱ्या दिवशी कोण, हे आत्ताच ठरवा. ताप चढल्यावर सकाळी सात वाजता ही चर्चा होत नाही, भांडण होतं. जो कोणी सांभाळणार असेल त्याच्याकडे मुलाला इंटर्नशिपच्या आधीच दोन-चार वेळा पूर्ण सकाळ ठेवून पाहा. औषधाचं नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा नंबर कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा, म्हणजे तुमचा तास चालू असताना फोन वाजणार नाही.

आणखी एक काम आठवडाभरात करा. शाळांचं वाटप होण्याआधी इंटर्नशिप पाहणाऱ्या प्राध्यापकांना भेटा आणि घराजवळची शाळा मिळावी म्हणून लेखी अर्ज द्या. वाटप झाल्यावर बदल करणं त्यांनाही अवघड जातं.

टाचणं, म्हणजे पाठाची लेखी आखणी, लिहिता लिहिता रात्रीचा एक वाजतो. सगळं घर झोपलेलं असतं आणि मी तक्ते रंगवत बसलेली असते. सकाळी पाठ घेताना डोळे मिटतात. लवकर कसं आवरायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वाचकांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा वेळ कशात जातो ते एकदा घड्याळ लावून पाहा. माझ्या विद्यार्थिनींकडे पाहताना मला दिसतं ते असं: पाठाचा विचार करण्यात थोडा वेळ जातो, समासाच्या रेघा, रंगीत शीर्षकं आणि तक्त्यावरची अक्षरं यांत त्याच्या कितीतरी पट. मुलांपर्यंत पोचतो तो पाठाचा विचार. म्हणून टाचण लिहायला बसताना पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी मधून सुरुवात करा: आज मुलांना काय यायला हवं, आणि ते आलं की नाही हे मी कोणत्या प्रश्नाने तपासणार? ही दोन वाक्यं नक्की झाली, की पूर्वज्ञान, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, स्वाध्याय हे रकाने भरणं म्हणजे उरलेलं लेखनकाम.

उदाहरण घेऊ. पाचवीचा पाठ, अपूर्णांकांची तुलना. 1/3 मोठा की 1/4, असं विचारलं की वर्गातून हमखास उत्तर येतं, 1/4. कारण 4 हा 3 पेक्षा मोठा. पाठाचा गाभा हाच गैरसमज आहे. तो दूर करायला रंगवलेला तक्ता लागत नाही. सारख्या लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या प्रत्येक मुलाच्या हातात द्या. एकीच्या घड्या घालून तीन सारखे भाग, दुसरीचे चार. एकेक भाग फाडून एकावर एक ठेवायला सांगा. वर्गात मग जी कुजबुज सुरू होते, ती तुमच्या पाठाच्या यशाची खूण. या पट्ट्या कापायला रात्र जागावी लागत नाही, आणि निरीक्षक प्राध्यापक टिपणवहीत नोंदवतात ते हेच, की मुलांनी स्वतः काही केलं का.

वेळेच्या शिस्तीबद्दल सूक्ष्म अध्यापनाकडून, म्हणजे छोट्या पाठातून एकेका कौशल्याचा सराव करण्याच्या तंत्राकडून, एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात 1963 च्या सुमारास आकाराला आलं. आपल्याकडे रूढ असलेलं त्याचं चक्र 36 मिनिटांचं: 6 मिनिटं अध्यापन, 6 प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), 12 पुनर्नियोजन, 6 पुनरध्यापन आणि पुन्हा 6 प्रत्याभरण. पुनर्नियोजनाला फक्त 12 मिनिटं ठेवली आहेत, आणि तेवढ्यात पाठ सुधारतोही, कारण त्या 12 मिनिटांत एकाच कौशल्याचा विचार करायचा असतो. घरीही तेच करा. आजच्या पाठात मला फक्त प्रश्न विचारणं सुधारायचं आहे, असं ठरवून बसलात तर रात्री साडेदहाला वही मिटता येते.

मैत्रिणींबरोबर साधनं वाटून घ्या, हेही सांगते. एकीने भूगोलाचे नकाशे, दुसरीने विज्ञानाची प्रतिकृती. टाचण मात्र स्वतःचं असू द्या. दुसरीचं टाचण उतरवून घेतलं, की वर्गात एखाद्या मुलाने अनपेक्षित उत्तर दिल्यावर पुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

मॅडम, माझी पत्नी बी.एड. करते आहे. मी घरात भरपूर मदत करतो, सांगेल ते काम करतो. तरी तिची चिडचिड कमी होत नाही. माझं कुठे चुकतंय?

तुम्ही हे विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला. तुमच्या पत्रातलं ‘सांगेल ते’ पुन्हा वाचा. काय करायचं ते लक्षात ठेवायचं, वेळेवर सांगायचं, झालं की नाही ते पाहायचं, हे सगळं अजून तिच्याकडेच आहे. हे काम कुणाला दिसत नाही. पण इतिहासाच्या पद्धतीवरचं व्याख्यान ऐकताना ‘मुलीच्या लसीची तारीख उद्या आहे का?’ हा विचार तिच्या डोक्यात येतो तो त्यामुळेच.

म्हणून सुटी कामं मागू नका, अख्खं खातं घ्या. मुलीची शाळा हे खातं तुमचं म्हटलं, की तिची डायरी रोज पाहणं, वह्या आणणं, पालकसभेला जाणं, व्हॅनवाल्याशी बोलणं, सगळं तुमचं. काही विसरलं तर शाळेचा फोन तुम्हाला येईल, अशी व्यवस्था करा. शाळेत पहिला संपर्क म्हणून तुमचा नंबर द्या. सुरुवातीचे काही दिवस गोंधळ होईल. तेव्हा तिने मध्ये पडायचं नाही आणि तुम्हीही ‘तूच सांग ना’ म्हणायचं नाही.

पाठ परीक्षेचे, म्हणजे तिला परीक्षकांसमोर पाठ घ्यायचे, दिवस दोघांच्याही कॅलेंडरवर आत्ताच लिहा. त्या आठवड्यात तुमचा दौरा नसेल, हे ऑफिसमध्ये आधीच सांगून ठेवा. माझ्या मते पत्नीच्या शिक्षणाला पाठिंबा म्हणजे एवढं ठोस काहीतरी असतं.

काल माझ्या पाठाला वर्ग हाताबाहेर गेला. मुलं ऐकेनात, सर मागे बसून लिहीत होते. घरी आले आणि मुलीने दप्तर जागेवर ठेवलं नाही एवढ्यावरून तिच्यावर ओरडले. ती रडत झोपली. मी शिक्षिका व्हायला लायक आहे का?

ताई, एका तासावरून लायकी ठरत नाही, हे आधी मनात पक्कं करा.

शिक्षणतज्ज्ञ फ्रान्सिस फुलर यांनी 1969 मध्ये शिक्षकांच्या काळज्यांबद्दल जे मांडलं, ते प्रशिक्षणार्थींना मी नेहमी सांगते. नवख्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःबद्दल असते: मला जमेल का, मुलं माझं ऐकतील का, निरीक्षक काय म्हणतील? मग ती शिकवण्याच्या कामाकडे वळते आणि पुढे मुलांच्या शिकण्याकडे. तुम्ही पहिल्या टप्प्यावर आहात, आणि सुरुवातीला बहुतेक शिक्षक तिथेच असतात. वर्ग हाताबाहेर का गेला याची कारणं साधी असतात. सूचना देण्याआधीच साहित्य वाटलं, फळ्याकडे तोंड करून फार वेळ लिहिलं, प्रश्न विचारून कुणाचं नाव घेतलं नाही, म्हणून सगळे एकदम ओरडले. यातलं काल काय झालं ते आठवून एकच ओळ लिहा. सरांनाही तेवढंच विचारा: ‘वर्ग नेमका कुठल्या मिनिटाला हातातून सुटला?’ मिनिट कळलं की उपाय सापडतो.

आता मुलीबद्दल. तिला आज जवळ घेऊन सांगा, ‘काल शाळेत माझा पाठ नीट झाला नाही, मला वाईट वाटत होतं आणि ते तुझ्यावर निघालं. तुझी चूक नव्हती.’ मुलांना हे समजतं. आणि यापुढे घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही, असा नियम घरच्यांना सांगा. हातपाय धुवा, शांत बसा, मग दप्तराकडे पाहा.

पंधरा वर्षांनी पुस्तक हातात घेतलं आहे. मानसशास्त्राचं प्रकरण तीनदा वाचते आणि दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. वय झालं का?

वयाला दोष देण्याआधी पद्धत बदलून पाहा. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांचा 2006 चा प्रयोग याबद्दल बोलका आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे निघाले.

तुमच्यासारख्या गृहिणीला ही पद्धत सोयीचीही आहे, कारण तिला सलग तीन तास लागत नाहीत. सकाळी दोन पानं वाचा. दुपारी काम करता करता मनात विचारा, मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या बोधात्मक विकासाच्या (विचारशक्तीच्या वाढीच्या) चार अवस्था कोणत्या? अडलात तर संध्याकाळी तेवढंच पाहा. दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा. आणि झोप कापून अभ्यास करू नका. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

एक कॉलेज म्हणतं, ‘घरचं सांभाळा, रोज यायची गरज नाही, परीक्षेला आलात की झालं.’ लहान मुलं असताना हा मार्ग बरा नाही का?

नाही. बी.एड. हा नियमित अभ्यासक्रम आहे आणि न आलेल्याची हजेरी लावणं ही फसवणूक आहे. पुढे चौकशी झाली तर पदवी तुमची अडचणीत येईल. त्याहून मला जास्त वाटतं ते हे: वर्गासमोर उभं न राहता मिळवलेल्या पदवीवर तुम्ही चाळीस मुलांपुढे उभ्या राहणार आहात. दूरशिक्षणाने बी.एड. करता येतं, पण ते प्राथमिक स्तरावर सेवेत असलेले प्रशिक्षित शिक्षक किंवा आधी नियमित पद्धतीने मान्यताप्राप्त शिक्षक प्रशिक्षण पूर्ण केलेले यांच्यासाठी. तुम्ही त्यात बसत नसाल तर मुलं थोडी मोठी होईपर्यंत एक वर्ष थांबा. तो मार्ग बरा.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर माझी बाळंतपणाची तारीख आहे. सासूबाई म्हणतात, कॉलेज सोडून दे. सोडावं लागेल का?

सोडण्याची घाई करू नका. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला तरी प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत तो पूर्ण करता येतो, म्हणजे एका वर्षाची सवड नियमातच आहे. नोकरदार महिलांना कायद्याने मिळणारी 26 आठवड्यांची रजा विद्यार्थिनीला आपोआप लागू होत नाही, म्हणून तोंडी आश्वासनावर राहू नका. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून प्राचार्यांकडे अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि हजेरीत कोणती सवलत मिळू शकते, कोणतं सत्र पुढे ढकलता येईल, इंटर्नशिप नंतरच्या तुकडीबरोबर करता येईल का, हे विद्यापीठाच्या नियमांसह लेखी विचारा. पहिल्या वर्षाचे सगळे विषय आणि राहिलेली प्रात्यक्षिकं मात्र आत्ताच हातावेगळी करा.

सासूबाईंना तो तीन वर्षांचा नियम दाखवा. त्यांची काळजी तुमच्या तब्येतीची असावी असं मला पत्रावरून वाटतं, आणि मध्ये विश्रांती घेऊन पुन्हा जाता येतं हे कळल्यावर बोलणं सोपं होईल. परत जाल तेव्हा बाळाला कोण सांभाळेल, हेही त्याच वेळी त्यांना विचारून घ्या.